पुढचा एक्सल बसवला म्हणजे गाडी फोर बाय फोर होत नाही

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत आपण जुन्या टू व्हील ड्राइव्ह (फक्त मागच्या चाकांना इंजिनची ताकद असलेल्या) जीपगाड्या फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद असलेल्या) करून घेणाऱ्या तरुणांवर अर्धे पान मजकूर छापला आहे. फोटो चांगले आहेत. तापीच्या पात्रातल्या वाळूत गाडी धावते आहे, वाळू उडते आहे, पोरे बोनेटवर बसली आहेत. साठ-सत्तर हजारांत आणि चार दिवसांत काम होते, असे त्यात लिहिले आहे. हे काम मी माझ्या स्वतःच्या गाडीवर करून घेतले होते आणि वर्षभराने ते उतरवूनही घेतले. मजकूर वाचून दोन-तीन ओळखीच्या पोरांनी मला फोन केला, "आबा, तुम्ही कुठे करून घेतलं होतं? खर्च किती आला?" त्यांना जे सांगितले तेच सगळ्यांना सांगावे म्हणून हे पत्र लिहितो आहे.

मी आरोग्य खात्यात वाहनचालक होतो. १९८७ साली लागलो, २०१६ साली निवृत्त झालो. त्यातली बहुतेक वर्षे सातपुड्यातल्या अक्राणी (धडगाव) आणि अक्कलकुवा तालुक्यांत गेली. चांदसैलीचा घाट, देवगोईचा घाट, तोरणमाळची चढण मी पावसाळ्यात, रात्रीच्या अंधारात, मागे रुग्ण घेऊन उतरलो आणि चढलो आहे. खात्याच्या ज्या गाड्या मी चालवल्या, त्या जवळपास सगळ्या टू व्हील ड्राइव्हच होत्या. म्हणून निवृत्तीच्या पैशातून मी एक जुनी कमांडर जीप घेतली तेव्हा पहिला विचार हाच होता की हिला आता फोर बाय फोर करायचे. गाडी १९९८ च्या मे महिन्यातली, एमएच १८ ची. आपला नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी सगळी नोंद धुळ्याची असे.

काम काय असते ते आधी सांगतो, कारण पुरवणीत ते एका ओळीत उरकले आहे. कमांडरसारख्या जुन्या गाडीला पुढे नुसता सरळ एक्सल असतो. त्यावर पाटे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), टोकाला हब (चाक बसते तो भाग) आणि चाके. तो फक्त वजन पेलतो, ताकद तिथे जात नाही. फोर बाय फोर करायचे तर तो काढून त्या जागी डिफरन्शियलवाले, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचे, हौसिंग (पेटी) लागते. चाक वळलेले असतानाही फिरत राहावे म्हणून दोन्ही नकलमध्ये (चाक वळते त्या सांध्यात) जॉइंट असलेले शाफ्ट लागतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस, म्हणजे पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, बसवावी लागते. तिथून पुढे एक नवा प्रोपेलर, म्हणजे ताकद नेणारा फिरता दांडा, जातो, आणि ट्रान्सफर केसमुळे मागच्या प्रोपेलरची लांबी आणि कोनही बदलतो. चेसिसला आडवी पट्टी नवीन लागते, स्टेअरिंगचे रॉड पुन्हा जुळवावे लागतात, पुढे वजन वाढले म्हणून पाटे बदलावे लागतात. यातली प्रत्येक गोष्ट भंगारात मिळते. लष्कराच्या लिलावात निघालेल्या जीपांचे सामान वर्षानुवर्षे आपल्याकडच्या भंगार बाजारात येत आले आहे. अडचण सामान मिळण्याची नाही. चार वेगवेगळ्या गाड्यांचे सामान एका गाडीत एकमेकांना जुळवण्याची आहे.

मला मेकॅनिकने पंच्याऐंशी हजार सांगितले होते. एप्रिल २०१७ मध्ये गाडी त्याच्याकडे लावली. बावीस दिवस लागले आणि खर्च एक लाख चाळीस हजारांवर गेला. माणूस लबाड नव्हता. हाताला चांगला होता, वेल्डिंग तर देखणे करायचा. मी काही विचारले की म्हणायचा, "आबा, काळजी करू नका, हुई जाई." गाडी तयार झाल्यावर त्याने मला नदीच्या वाळूत नेले आणि जिथे टू व्हील गाडी पोटापर्यंत रुतली असती तिथून ती बाहेर काढून दाखवली. मी खूश होऊन पैसे दिले. आपल्या पुरवणीतला वाळूतला फोटो पाहिला आणि मला तोच दिवस आठवला.

पुढचे थोडे सविस्तर सांगतो.

त्याच वर्षी जूनच्या मध्याला, पहिला मोठा पाऊस झाल्यावर, मी धडगावला एका जुन्या सहकाऱ्याकडे मुक्कामी होतो. रात्री नऊच्या सुमारास एका पाड्यावरच्या आशाताईंचा फोन आला. नोकरीतली ओळख होती. पावसाआधी घर शाकारायचे राहून गेले म्हणून एक माणूस भर पावसात कौले फिरवायला चढला आणि वरून पडला. मांडीचे हाड मोडले होते. १०८ ची गाडी आली होती, पण ती डांबरी रस्त्यावर थांबली होती. डांबरीपासून पाडा चार किलोमीटर आत, उताराचा कच्चा रस्ता. आधी लाल मातीचा चिखल, मग नाला, मग दगडांची चढ-उतार. गाडीवाल्याची चूक नव्हती. ती गाडी त्या रस्त्याने खाली गेली असती, पण वर आली नसती.

मी माझी गाडी काढली. चिखलात लिव्हर ओढून फोर बाय फोरला टाकली आणि ती छान उतरली. पण खाली दगडांचा पट्टा लागला तेव्हा गाडी जड वाटायला लागली, कोणी मागून धरून ठेवल्यासारखी. रुग्णाला मागच्या बाकावर गोधडीवर आडवे केले. दोन्ही बाजूंनी बांबूच्या कामट्या लावून पाय बांधला होता. परत निघालो, लो मध्ये (हळू पण जास्त ताकदीच्या गिअरमध्ये) टाकली आणि दगडी चढ सुरू झाला.

त्या चढावर गाडी उड्या मारायला लागली. दगडांमुळे बसतात ते धक्के एकोणतीस वर्षे अंगावर घेतले आहेत, ते मला कळतात. हे वेगळे होते. दर दीड-दोन हातांवर टायर ताणला जायचा, मग सुटायचा, आणि सगळी गाडी टपकन उचलून आपटायची. प्रत्येक उडीला मागून त्या माणसाचे ओरडणे. मांडीचे हाड मोडलेल्या माणसाला साध्या रस्त्यावरही हलवू नये, आणि माझी गाडी त्याला आपटत होती. दोन तृतीयांश चढ झाला असेल, तेव्हा खालून 'टक्क' असा आवाज आला आणि त्यामागून लोखंडावर लोखंड घासल्याचा. पुढच्या प्रोपेलरचा क्रॉस, म्हणजे त्याच्या सांध्यातला अधिकच्या खुणेसारखा तुकडा, तुटला होता. लिव्हर टू व्हीलला ओढून पाहिली तर हलेना. गाडी एक हात मागे घेतली तेव्हा कुठे सुटली. बॅटरीच्या उजेडात, पाण्यात पाठीवर झोपून, लोंबकळणारा प्रोपेलर पान्याने खोलून बाजूला टाकला. पण नुसत्या मागच्या चाकांवर गाडी त्या ओल्या दगडांवरून वर येईना. शेवटी पाड्यावरच्या आठ जणांनी त्याला बांबूच्या झोळीत घेतले आणि उरलेले दीड किलोमीटर पायी नेले. मी गाडी तिथेच सोडून मागोमाग चालत गेलो.

तो माणूस वाचला. पायात सळई आहे, किंचित लंगडतो. भेटला की माझा हात धरतो, आणि मला दर वेळी त्या उड्या आठवतात.

चूक काय होती ते मला दोन महिन्यांनी समजले. एसटीच्या कार्यशाळेतले एक निवृत्त फोरमन माझ्या ओळखीचे आहेत. त्यांनी गाडी पाहिली आणि कशालाही हात लावण्याआधी खडू मागितला. मागची दोन्ही चाके जॅकवर उचलली, गाडी न्यूट्रलला ठेवली. चाकांवर खडूची खूण केली, प्रोपेलरवर एक खूण केली. मग आम्ही दोघांनी दोन्ही चाके एकाच वेळी, एकाच दिशेने, बरोबर एक फेरा फिरवली. प्रोपेलरचे पाच फेरेही पुरे झाले नाहीत, चार आणि पाचव्याचा बराचसा भाग. मग पुढचे प्रोपेलर जोडून तसेच पुढच्या चाकांवर केले. तिथे पाच फेरे होऊन वर आणखी तिसरा हिस्सा. ते म्हणाले, "मागे एकोणचाळीस-आठ आहे, पुढे त्रेचाळीस-आठ. तुमच्या पुढच्या चाकांनी मागच्या चाकांना वर्षभर ब्रेक लावून ठेवला असता, त्याआधीच क्रॉस गेला."

म्हणजे असे. डिफरन्शियलमध्ये मोठ्या क्राऊनला आणि छोट्या पिनियनला किती दाते आहेत त्यावर चाक किती फिरणार ते ठरते. मागे ३९ भागिले ८, म्हणजे ४.८८. पुढे ४३ भागिले ८, म्हणजे ५.३८. ट्रान्सफर केस दोन्ही प्रोपेलरना सारखेच फिरवते. मग मागची चाके दहा हात जायचे म्हणतात तेव्हा पुढची नऊच हात जायचे म्हणतात. वाळूत आणि चिखलात हा एका हाताचा फरक टायर घसरून भरून निघतो, चालवणाऱ्याला कळतही नाही. दगडावर, मुरमावर टायर घसरत नाही, मग तो फरक शाफ्टमध्ये पीळ म्हणून साठतो. पीळ सुटतो तेव्हा गाडी उडी मारते. लिव्हर निघत नाही तीही त्या पिळामुळेच. म्हणून वाळूत गाडी चालवून दाखवली तर तिची परीक्षा होत नाही, उलट चूक झाकली जाते. पुरवणीतला फोटो पाहून मला लिहावेसे वाटले त्याचे खरे कारण हे आहे.

(दाते सारखे असले तरी या जुन्या पद्धतीच्या फोर बाय फोर गाड्या कोरड्या डांबरीवर चारही चाकांवर चालवायच्या नसतात. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात, आणि तिथेही पीळ बसतोच. कंपनीच्या गाडीवाल्यांनाही हे पुष्कळदा माहीत नसते.)

आता कायद्याचे. २०१८ मध्ये गाडीच्या नोंदणीचे नूतनीकरण करायला गेलो. परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकांनी खाली वाकून पाहिले आणि शांतपणे सांगितले की नोंदणीत गाडी जशी आहे तशी करून आणा. ते बरोबर होते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलात परस्पर बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच स्पष्ट केले. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम १८२अ आले. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. अपघात झाला तर असा बदल दाखवून विमा कंपनी दावा नाकारू शकते. बोनेटवर बसलेल्या पोरांच्या घरच्यांना हे सांगितले आहे का, आपल्या प्रतिनिधीने विचारले आहे का? पूर्ण मजकुरात याचा शब्दही नाही. मी गाडी पुन्हा टू व्हील करून घेतली, त्याला आणखी तीस हजार लागले. ट्रान्सफर केस आणि हौसिंग गोठ्यात पडून आहे. ते विकत मागायला माणसे येतात. मी दिलेले नाही.

नव्या गाड्यांचे तर विचारूच नये. थार आपल्या नाशिकलाच बनते. २०२३ च्या जानेवारीपासून ती टू व्हील ड्राइव्हमध्येही मिळते आणि स्वस्त पडते म्हणून पोरे ती घेतात. मग म्हणतात, नंतर फोर बाय फोर करून घेऊ. त्या गाडीला पुढे पाटे नाहीत. दोन्ही चाकांचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, ब्रेक आणि इंजिन कॉम्प्युटरवर चालतात. कमांडरचा एक्सल जसा चार यू-बोल्ट खोलून काढता येतो तसे तिथे काहीच नाही. फोर बाय फोर हवी असेल तर ती पहिल्या दिवशीच शोरूममधून घ्यावी. पैसे कमी असतील तर दोन वर्षे थांबावे, किंवा जुनी, कागदावर फोर बाय फोर असलेली गाडी बघावी. एवढे माझे सांगणे त्यांनी ऐकावे.

आणि शहादा, दोंडाईचा, चोपडा, रावेर या पट्ट्यात राहणाऱ्या शेतकऱ्याला खरोखर चार चाकांची ताकद लागते का, हेही पाहावे. आपली काळी माती जुलैत चिकट होते, टायरच्या खाचा भरून टायर गुळगुळीत होतो. तिथे पुढची चाकेही तशीच गुळगुळीत फिरतात. मी नोकरीत टू व्हील गाडी काढायचो ती अशी: मागे एक्सलवर वाळूची दोन पोती, टायरची हवा निम्म्यावर, आणि चाकाला आडवा गुंडाळलेला जाड दोर किंवा साखळी. एक चाक जागच्या जागी फिरत असेल तर ताकद सगळी त्याच चाकाकडे जाते, दुसरे गप्प बसते. ज्या गाडीचा हँडब्रेक मागच्या चाकांवर आहे तिथे तो दोन-तीन दाते ओढला की दुसऱ्या चाकाला ताकद मिळते आणि पुष्कळदा गाडी निघते. बाहेर आल्यावर हवा भरायला विसरू नये. मागे कंपनीचे लॉक होणारे डिफरन्शियल असलेल्या टू व्हील गाड्याही आता मिळतात. शेतापर्यंत जायला तेवढे बहुतेकांना पुरते.

आणखी एक. फोर बाय फोर गाडी जास्त चांगली चढते, जास्त चांगली थांबत नाही. ब्रेक चारही चाकांना आधीही होते. ओल्या घाटात उतरताना लो गिअरचा इंजिन ब्रेक कामाला येतो, बाकी ती गाडी इतर गाडीइतकीच घसरते. चढताना आलेला भरवसा उतरताना घात करतो, हे मी घाटात डोळ्यांनी पाहिले आहे.

पण सातपुड्यात मात्र फोर बाय फोर लागतेच. तिचे नाव कोणी काढू नये म्हणून मी हे पत्र लिहीत नाही. ती चुकीच्या ठिकाणी जुळवली जाते आहे, आणि जिथे हवी तिथे नाही, हे माझे दुःख आहे. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या रुग्णवाहिका, लसीकरणाच्या गाड्या, आरोग्य पथकांसाठी भाड्याने घेतल्या जाणाऱ्या जीपगाड्या यांच्या खरेदीत आणि निविदेत 'कारखान्यातूनच फोर बाय फोर' अशी अट हवी. सगळ्या जिल्ह्याला नको. नंदुरबार ते शहादा रस्त्यावर ती गाडी नुसते डिझेल खाईल. ज्या केंद्रांखालचे पाडे डांबरीपासून आत आहेत, त्यांची यादी तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते. प्रत्येक पावसाळ्यात तीच नावे येतात. त्या केंद्रांना एक-एक गाडी मिळाली तरी झोळीचे दीड-दोन किलोमीटर कमी होतील. चालकांना ती चालवायचे दोन दिवसांचे शिक्षणही द्यावे. लिव्हर कधी ओढायची आणि कधी ओढायची नाही, हे मला एकोणतीस वर्षांत कोणी शिकवले नाही.

आणि ज्यांना जुनी गाडी बदलून घ्यायचीच आहे, त्यांच्यासाठी सरकारने सीएनजी किटसारखा मार्ग काढावा. गॅसचे किट पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर होते, ठरलेल्या ठिकाणी बसते, मग नोंदणीत त्याची नोंद होते. दिव्यांगांसाठी गाडीत बदल करायलाही कायद्यात वाट आहे. त्याच धर्तीवर जुन्या पाट्यांच्या जीपगाड्यांसाठी, एकाच दात्यांचे पुढचे-मागचे हौसिंग असलेले तपासलेले किट निघाले तर डोंगरातल्या माणसाला चोरून काम करावे लागणार नाही. आपल्याकडे हे काम करू शकणारे चांगले हात धुळे-जळगावात आहेत. माझाच मेकॅनिक घ्या, त्याला कोणी दाते मोजायला शिकवले असते तर त्याने ते केले असते.

आपल्याला विनंती आहे की या विषयावर पुन्हा मजकूर द्यावा, आणि या वेळी परिवहन कार्यालयातल्या निरीक्षकांना आणि धडगावच्या एखाद्या रुग्णवाहिका चालकाला त्यात बोलू द्यावे. ज्यांनी काम करून घेतले आहे त्यांनी गाडी मूळ स्थितीत आणून घ्यावी. त्याला वेळ लागणार असेल तर तोवर पावसाआधी एवढे तरी करावे: गाडी सपाट जागी, इतर चाकांना दगड लावून, न्यूट्रलला ठेवून मागची दोन्ही चाके उचलायची, खडूने खूण करून दोन्ही एकदम एक फेरा फिरवायची आणि प्रोपेलरचे फेरे मोजायचे. मग तसेच पुढे, हब लॉक करून (म्हणजे चाक शाफ्टला जोडून) आणि लिव्हर टू व्हीलवर ठेवून. एकच चाक फिरवले तर आकडा निम्मा येतो, म्हणून दोन माणसे लागतात. दोन्हीकडचे फेरे सारखे आले नाहीत, तर पुढचा प्रोपेलर त्याच दिवशी काढून ठेवावा.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त वाहनचालक,
शहादा, जि. नंदुरबार
(नाव छापू नये ही विनंती.)